पहिल्या फांदीचा सुरा

जंगलखात्याने आमच्या गावाला पळस तोडण्याची परवानगी दिली, तिच्यात ‘कुऱ्हाड अथवा कोयता बरोबर न नेता’ अशी एक अट होती. परवानगी मी मिळवली होती. तेव्हा अटही मीच मिळवली, असे म्हणणे भाग आहे.

अमडापूर ओलांडले की जंगलाचा काठ लागतो आणि त्या काठालाच आमचे गाव आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खांदमळणीला, गावातले पुरुष सकाळी जंगलात जातात आणि पळसाच्या फांद्या आणतात. पोळ्याला त्या दारोदार रोवल्या जातात. मात्र पहिली फांदी तुटेपर्यंत कोणीही झाडाला हात लावायचा नाही, असा दंडक आहे. आणि ती पहिली फांदी तोडण्याचा मान आमच्या घराचा. पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पाटलाच्या जोडीमागोमाग जी जोडी जाते, ती याच मानाची.

या मानाला एक शर्त आहे. फांदी तुटून पडेपर्यंत तोडणाऱ्याच्या हातातून पाते सुटता कामा नये. सुटले तर गावच्या बैलांना ते साल जड जाते, असे मानतात, आणि मान तेथल्या तेथे भाऊबंदांच्या दुसऱ्या घराकडे जातो. आमच्याकडे तो असाच आला होता. माझ्या आजोबांच्या काळी दुसऱ्या घरच्या कर्त्या पुरुषाचा कोयता झाडाखाली पडला. ते घर आजही म्हणते की तो पडला नाही. पायाशी साप निघाला म्हणून म्हाताऱ्याने तो खाली ठेवला. पडणे आणि ठेवणे यांतला भेद किती मोलाचा असतो, हे मला वकिलीच्या धंद्यात शिरण्याआधीच घरात कळले होते.

दुसऱ्या घराचा कर्ता म्हणजे माझा चुलत भाऊ. तो माझ्याहून धाकटा, शेतकरी, आवाजाने मोठा. त्याने मानावर हक्क सांगितला, मी त्याला नोटीस दिली, त्याने माझ्या नोटिशीची गावभर चेष्टा केली, मी दुसरी दिली. नुसत्या मानपानाचा दावा दिवाणी कोर्टात चालत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणूनच नोटिसांवर भागवावे लागे. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. तरीही माझ्या नोटिसा चिखलीच्या टपालातून, पोचपावतीसह जात. त्या पोचल्या की भिंतीपलीकडून आरोळी येई :

“वकीलसाहेब, कागद आला हो! कोरा हाये मांगून, चूल झकास पेटली!”

मी उत्तर देत नसे. तोंडी विधानाला मी उत्तर का द्यावे?

असे चालले असता एका वर्षी जंगलाच्या नाकेदाराने आमचा कोयता जप्त केला. राखीव जंगलात पाते आणले, एवढाच त्याचा आक्षेप. मी संतापलो. आजही ते आठवले की माझी कानशिले तापतात. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या त्या रानातून पळस आणला, त्या गावाचा निस्ताराचा, म्हणजे घरच्या गरजेपुरते रानातून आणण्याचा, हक्क एका खाकी बंडीवाल्याने नाक्यावर बसून बुडवावा? मी रेंजरला लिहिले, त्याच्या वरच्याला लिहिले, बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरसाहेबांकडे अर्ज धाडला, स्मरणपत्रे धाडली, स्मरणपत्रांचे स्मरण करून देणारी पत्रे धाडली. अखेर हुकूम आला. चावडीवर मी तो उभ्याने वाचून दाखवला. लोकांनी माना हलवल्या. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याने तेवढे विचारले :

“मंग तोडाचं कायनं, साहेब? दातानं?”

हशा झाला. मी म्हणालो, “सुऱ्याने. कोयत्याला बाक असतो, सुऱ्याला नसतो. हुकमात सुऱ्याला मनाई नाही. योग्य तो सुरा शोधण्याची जबाबदारी माझी.”

गावासमोर हे बोलताना माझा उजवा हात मी उपरण्याखाली धरला होता.

त्या हाताविषयी आता लिहिणे प्राप्त आहे. त्याआधीच्या हिवाळ्यात त्याला मुंग्या येऊ लागल्या, मग बोटांची पकड ढिली झाली. सकाळी ती बरी असे, ऊन चढले की बिघडे. काही दिवशी उलट. बंडीची गुंडी लावायला मला भिंतीकडे तोंड करून उभे राहावे लागे. मी कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काय होते? म्हातारपण हा गुन्हा नव्हे, हे मला समजते. पण ज्याने आयुष्यभर हातात लेखणी धरून भल्याभल्यांना ताळ्यावर आणले, त्याला स्वतःचीच बोटे जुमानत नाहीत, ही गोष्ट समजून शरम कमी होत नाही. हा मजकूरसुद्धा मी सांगतो आहे आणि सून लिहिते आहे. ती निमूट लिहिते.

प्रथम मी नांदुऱ्याला गेलो. रेल्वेमुळे तेथल्या बाजारात मुंबईकडचा माल येतो. पेठेतल्या एका दुकानदाराने माझ्यापुढे गादीवर चाकूंची रांग मांडली. मिटते चाकू मी आधीच बाजूला सारले. रानात मिटत्या चाकूवर भरवसा ठेवणे म्हणजे फितूर साक्षीदारावर खटला उभारणे. ऐन घावाला त्याची कमान सैल होते आणि पाते उलटून आपल्याच बोटांवर मिटते. नंतर स्वैपाकघरी सुऱ्या निघाल्या. पाते पातळ, पाठ कागदासारखी. कांदा कापावा, पळस नव्हे. शेवटी त्याने सांबरशिंगाची मूठ असलेला एक चकचकीत सुरा काढला.

“हा घ्या. शिकारीचा माल हाये, साहेब. सायबलोक नेतात.”

मी विचारले, “पात्याची शेपटी मुठीत कुठवर गेली आहे?”

“पुरी गेली हाये नं.”

“दाखव.”

“दाखवू कशी? मुठीत हाये ते.”

“मूठ उतरव.”

त्याने शेजारच्या दुकानदाराकडे पाहिले. “आयकलं का, शेठ? नारळ फोडून, खोबरं चाखून, मंग साहेब सांगतीन घ्याचा का नाही ते!”

मला राग आला, परंतु माझे म्हणणे बरोबर होते आणि आजही बरोबर आहे. ज्याचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग जात नाही, तो सुरा जोराच्या घावाला मुठीशीच निखळतो. मी ते त्याला नीट बजावले. तो थकला असावा. त्याने सुरा उचलून माझ्यासमोर धरला. “बरं, निदान हातात तं धरून पाहा. वजन पाहा. एक हात फिरवून पाहा.”

माझ्या उजव्या हातात छत्री होती. ती मी खाली ठेवू शकलो असतो. मी डावा हात पुढे केला.

“डावरे हाये का साहेब?” त्याने विचारले.

मी उठलो, मालात खोट आहे असे सांगितले, आणि उन्हात चालत स्टेशनकडे गेलो. छत्री उघडलीच नाही. ती उघडायला दोन हात लागतात.

मग मी अमडापूरच्या लोहाराकडे गेलो. हा लोहार गोडबोल्या होता. गिऱ्हाईक जे म्हणेल त्याला ‘अगदी बराबर’ म्हणायचे, हे त्याचे पहिले औजार. पोलाद मी निवडले. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव मऊ, तिचे पाते वाकते. जुन्या कानशीचे कडक, पण हिवात मोडते. मोटारलारीच्या कमानीतल्या मोडक्या पाट्याचे पोलाद लवचीक आणि टणक, तेच घ्यायचे. पाते वीतभर, पाठ जाड, पाठीला बाक नाही म्हणजे नाकेदाराच्या तोंडाला कुलूप. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत, दोन्ही अंगांनी शिसवीच्या फळ्या, आरपार खिळे. इथवर माझ्या निवडीत कोणी दोष काढून दाखवावा.

मूठ घडवण्याची त्याची एक रीत होती. तो भिजवलेल्या मातीचा लोळा गिऱ्हाइकाच्या हातात देई, तो मुठीत आवळायला लावी आणि जो ठसा उमटेल त्यावरून लाकूड तासून काढी. त्याने माती मळली आणि लोळा माझ्यापुढे केला.

“आवळा, साहेब. मनासारखा आवळा.”

भात्यावर त्याची बायको बसली होती. विळे धारेला लावायला आलेले दोघेजण उकिडवे बसून बघत होते. मी आवळला असता तर काय उमटले असते ते मला ठाऊक होते : अंगठ्याचा ठसा आणि पुढे नुसती सपाट माती.

मी म्हणालो, “माती नको. आमच्या जुन्या कोयत्याची मूठ घरी आहे. माप पाठवतो, तेवढीच जाड कर.”

“अगदी बराबर! साहेबाचा पंजा काय आमाले नवा हाये?” लोहार म्हणाला.

तो पंजा जुना होता, हेच तर दुखणे. कोयत्याची ती मूठ माझ्या भरल्या अंगाच्या दिवसांत बसवलेली. जाड, गोल, गुळगुळीत. तिच्या मापाने शिसवीची मूठ झाली. सुरा घरी आला तेव्हा तो पाहण्यासारखा होता, यात वाद नाही. मी तो देव्हाऱ्यापुढे ठेवला. त्या संध्याकाळी माझ्या बायकोने तो उचलून दोन-तीनदा हातात फिरवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली :

“अहो, मुठीले सुतळी गुंडाळून देऊ का? गुळगुळीत हाये. पान्यापावसाचे दिवस.”

“मूठ उघडीच राहील. मी काय लेकरू आहे?”

“मी कुठं तसं मनून राह्यली? लाकडाची गोठ करून राह्यली मी.”

ती लाकडाविषयी बोलत नव्हती आणि मी तिच्यावर ओरडलो ते सुतळीवरून नव्हते. तिने सुतळीचा गुंडा पुन्हा कोनाड्यात ठेवला.

खांदमळणीची सकाळ भिजकी होती. नाल्याच्या काठचा पळस ठरला. हळद-कुंकू झाले. नाकेदार हजर होता. त्याने माझा सुरा हातात घेण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा मी त्याला हुकूम वाचायला दिला आणि सुरा कमरेलाच ठेवला. मागे गाव अर्धगोल उभे. डाव्या अंगाला, नेहमीच्या जागेपेक्षा पाऊलभर जवळ, चुलत भाऊ. दर साली तो त्याच अंगाला उभा राही, माझ्या हाताकडे टक लावून. पाते कधी सुटते याची तो वाट पाहतो, असे मी अनेक नोटिसांत नमूद केले होते.

मनगटाएवढ्या फांदीवर पहिला घाव अर्ध्यावर उतरला. पोलाद उत्तम होते. दुसरा घाव खोल गेला आणि पाते लाकडात अडकले. ते ओढून काढताना ओली मूठ माझ्या तळव्यात फिरली. बोटे उघडली. मी त्यांना मिटायला सांगितले आणि ती मिटली नाहीत. पाते लाकडातून निघाले होते. आता सुरा माझ्या हातात नव्हता, फक्त हाताला टेकून होता.

तेवढ्यात डावीकडून एक हात आला. त्याने माझी बोटे मुठीवर मिटवली, त्यांच्यावर स्वतःची आवळली आणि घाव घातला. फांदी पडली.

मग कोणीतरी ओरडले, “हात लागला! दुसऱ्याचा हात लागला!”

“लागला, मंग?” चुलत भाऊ वळून म्हणाला. “पातं पडलं का खाली? कोणी पाह्यलं का पडतानी? पातं सुटू नये, असं हाये. हात लावू नये, असं कोण्या बुढ्यानं सांगतलं बे तुले?”

“अरे, वकिलाच्या भिंतीले भिंत हाये त्याची,” दुसरा म्हणाला, “कायदा पाझरला घरात!”

सारे हसले आणि पळसावर तुटून पडले. चुलत भावाने माझा हात सोडला. हरकत घ्यायची ती त्याच वेळी घ्यायची असते. मी उभा राहिलो.

परतताना तो माझ्या बाजूने चालू लागला. किती वर्षांनी, ते मोजवत नाही. फांद्यांचा भारा खांद्यावर घेऊन तो हळूच म्हणाला, “लकवा हाये का?”

“काय?”

“हात.”

“काही नाही. मूठ ओली होती.”

“हाव, ओली होती.” त्याने भारा दुसऱ्या खांद्यावर घेतला. “तुमच्या न्हाणीत रोज सकाळी तांब्या पडते. मले वाटे, वहिनीच्या हातून पडते. मंग वहिनी माहेरी गेल्ती, तरी पडला.”

मी थांबलो. तो थांबला नाही.

म्हणजे हिवाळ्यापासून त्याला ठाऊक होते. चावडीवर एक शब्द टाकला असता तरी पुरे होते. मला पहिल्या फांदीपासून दूर ठेवायला गावाला तेवढे निमित्त बस होते. तो दर सकाळी भिंतीपलीकडे माझा तांब्या पडताना ऐकत होता आणि त्याच दिवसांत मी त्याला नोटिसा पाठवीत होतो. झाडाखाली तो जवळ सरकून उभा राहिला होता तो कशासाठी, हे मला नाल्याच्या त्या चिखलात कळले. माझ्या अंगाची लाही झाली. राग कोणावर, ते सांगता येत नव्हते, म्हणून तो अधिकच चढला.

दुसऱ्या दिवशी पोळा. तोरणाखाली जोड्या उभ्या होत्या, झूल, बाशिंगे, गोंडे. आमच्याकडे जोड्या सोडण्यापूर्वी पाटील विचारतो : “पहिल्या फांदीबद्दल कोणाचं काही मननं अशीन तं आताच सांगा.” हा केवळ उपचार. कोणी बोलत नाही, आणि पाटलाच्या मागोमाग मानाची जोडी निघते. माझी जोडी पुढे लावलेली होती.

“माझे म्हणणे आहे,” मी म्हणालो.

पाटलाने वळून पाहिले.

“काल सुरा माझ्या हातातून सुटला होता. भावाचा हात पडला तो त्यानंतर. शर्तीप्रमाणे मान त्यांच्या घराचा आहे.”

“नाही सुटला!” चुलत भाऊ आपल्या बैलांमागून ओरडला. “म्या पाह्यलं नं! मुठीतच होता!”

“सुटला होता. ज्याच्या हातातून सुटला त्याची साक्ष चालेल की बघणाऱ्याची?”

“तुमाले काय कळते? तुमाले तं हाताची शुद्धच—”

तो मध्येच थांबला. ते वाक्य कुठे जाणार होते, हे आता सगळ्यांना समजले, आणि समजले हे त्यालाही दिसले. त्याने डोळे खाली घातले. माझा हात त्या वेळी उपरण्याबाहेर होता. लोक त्याच्याकडे पाहू लागले, जसे नव्या जनावराच्या खुराकडे पाहतात.

पाटील हसण्यावारी न्यायला बघत होता. “आजलोक दोघं ‘माहा, माहा’ मनत होते, आता ‘तुहा, तुहा’ मनून राह्यले. मी काय करू गा?”

“माझी कबुली आहे,” मी म्हणालो. “कबुलीपुढे पुरावा लागत नाही.”

तेव्हा पाटलाने निवाडा दिला. मान दुसऱ्या घराकडे गेला. गड्याने माझी जोडी कासऱ्याने मागे ओढली. वर्षानुवर्षे ज्या क्षणासाठी त्या घराने भांडण मांडले होते तो आला, आणि माझा भाऊ जोडी पुढे घेईना. तो माझ्याजवळ आला. लोकांना ऐकू जाऊ नये इतक्या हलक्या आवाजात बोलला. त्याला तसा आवाज आहे, हे मला आदल्या दिवशीच प्रथम कळले होते.

“मले तो भांडून पाह्यजे होता, दादा. असा नाही.”

मी म्हणालो, “जे खरे ते मी सांगितले.”

“खरं सांगतलं, हाव. पण माह्या हातचं एक डाव घेतलं असतं, तं कोणतं कोर्ट बुडत होतं?”

मी खरे बोललो. परंतु खऱ्यासाठी बोललो नाही. त्याचे उपकार माझ्या अंगाला चिकटले होते आणि ते धुऊन काढायला माझ्याजवळ दुसरे पाणी नव्हते, म्हणून मी सत्य वापरले. ते वापरताना त्याने हिवाळाभर सांभाळलेली गोष्ट चव्हाट्यावर आणली, आणि तीही अर्धी त्याच्याच तोंडून. त्याने माझी लाज झाकली होती. मी त्याला सगळ्यांसमोर ती उघडी करायला लावली.

“हं, चाला, चाला! पोळा फोडाचा का नाही?” मागून लोक ओरडू लागले. कोणीतरी त्याच्या बैलांच्या पाठीवर थाप मारली. जोडी आपोआप पुढे निघाली आणि तो तिच्यामागे, कासरा सैल धरून, तोरणाखालून गेला. बैल तेलाने चमकत होते. हरलेला माणूस चालतो तसा तो चालत होता. त्याने वळून पाहिले असते तर मी काहीतरी बोललो असतो, असे मला त्या वेळी वाटले. त्याने वळून पाहिले नाही, आणि हाक मारायला मला त्याचे घरचे नावच चटकन आठवेना. इतकी वर्षे मी त्याला केवळ ‘सामनेवाला’ असेच लिहीत आलो होतो.